घरांतील कारागृह आणि आमचे बोलपट

घराविषयीं मनुष्याच्या मनांत दोन भयें वसत असतात. एक बाहेरून येणाऱ्याचें, दुसरें आंत असलेल्याचें. पहिल्या भयावर कडी, कुलूप, पहारेकरी व पोलीसचौकी असे उपाय त्यानें शोधून काढले आहेत. दुसऱ्यावर त्याला अद्याप एकही उपाय धड साधलेला नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे : पहिल्या प्रसंगीं जी कडी रक्षण करते, तीच दुसऱ्या प्रसंगीं अपराध्याच्या उपयोगीं पडते. प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवर रचलेले बोलपट अलीकडे पुष्कळ निघूं लागले असून, त्यांत घरांत कोंडलेल्या, आप्तांनींच छळलेल्या माणसांच्या कथांचा भरणा मोठा आहे. अशा कृतींचें परीक्षण करतांना अभिनय कसा वठला व छायाचित्रण कसें साधलें, हा विचार आम्ही दुय्यम मानतों. आमचा पहिला प्रश्न असा कीं, हा बोलपट या दोन भयांपैकीं कोणत्या भयाला हात घालतो ? आणि दुसऱ्याला हात घालतों असें सांगून पहिल्यावरच आपली उपजीविका तर करीत नाहीं ना ?

पहिल्या भयाचा अनुभव पुणेकरांस चांगला आहे. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत या शहरांत एकामागून एक दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नांवानें तें प्रकरण आजही ओळखलें जातें. दिवेलागणीनंतर कोणीं हांक मारली तरी दार उघडावयाचें नाहीं, असा परिपाठ त्या दिवसांत घरोघर पडला होता. चार अपराध्यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें, आणि या प्रकरणावरून राजदत्त यांनीं दिग्दर्शित केलेला 'माफीचा साक्षीदार' हा बोलपट १९८६ सालीं आला. नाना पाटेकर यांची त्यांतील भूमिका ज्यांनीं पाहिली, त्यांना ती विसरतां येत नाहीं. त्या बोलपटांतील भीति खरी आहे; परंतु ती प्रेक्षकाला शेवटीं स्वस्थ करणारी भीति आहे. तो घरीं परततो, दाराला कडी लावतो, आणि आपलीं माणसें आपल्याजवळ सुखरूप आहेत याबद्दल देवाचे आभार मानतो. ज्या घरांत भय कडीच्या आंतल्या बाजूला आहे, तेथील माणसाला हें समाधान कोठून मिळणार ? तिच्यासाठीं कडी लागल्याचा आवाज हाच भयाचा आरंभ असतो.

या दुसऱ्या प्रकारच्या गुन्ह्याचें स्वरूपच निराळें आहे. खून एका क्षणांत होतो. गृहांतील बंदिवास रोज थोडाथोडा घडत असतो, आणि त्यामुळें तो एकट्यादुकट्याच्या हातून पार पडत नाहीं. त्याला पुष्कळांचें साहाय्य लागतें. सासू लागते, दीर लागतो. "दिल्या घरीं नांदावें" असें म्हणून मुलीला परत पोंचविणारें माहेर लागतें, आणि "त्यांच्या घरांतली गोष्ट, आपण कशाला मध्यें पडा" म्हणणारा शेजारी तर सर्वांत अधिक लागतो. पुण्याच्या मंडईला लोक थट्टेनें विद्यापीठ म्हणत आले आहेत; भाजीच्या भावापासून राज्यकारभारापर्यंत कोणत्याही विषयाची चर्चा तेथें वर्ज्य नाहीं. त्या मंडईभोंवतालच्या जुन्या वाड्यांतून एका बिऱ्हाडांत पडलेली फोडणी दुसऱ्या बिऱ्हाडांत समजत असे. मग भिंतीपलीकडचें रडणें तेवढें कोणाला ऐकूं येत नव्हतें, असें कोणीं म्हणावें ? तें ऐकूं येई, त्याची चर्चाही होई. मात्र त्या चर्चेंतून कोणी उठून दाराशीं जात नसे.

ज्या महात्म्याचें नांव आज या मंडईला आहे, त्यांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. पुण्यांतील एका विधवा ब्राह्मण स्त्रीला अर्भकहत्येबद्दल जन्मठेप होऊन तिची रवानगी अंदमानांत झाली; तिला फसविणारा पुरुष मोकळा राहिला, असा वृत्तान्त जोतीराव फुले यांच्या चरित्रांतून येतो. न्यायालयापुढें अपराधी म्हणून एकटी तीच उभी होती. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मात्र तो गुन्हा एका बाईचा न मानतां तिला कोंडीत धरणाऱ्या सगळ्या आळीचा मानला, आणि १८६३ सालीं आपल्या घरींच बालहत्या-प्रतिबंधकगृह काढलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, असे फलक त्यांनीं शहरांत लावले. बंद दारांच्या गांवांत एक दार उघडें ठेवणें, हा त्यांचा उपाय होता.

कायद्याची दृष्टि कशी होती, तें रखमाबाईंच्या खटल्यावरून दिसतें. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें पुढें पतीच्या घरीं जावयाचें नाकारलें, तेव्हां १८८४ सालीं पतीनें मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूनें लागला, अपिलांत तो फिरला, आणि १८८७ च्या मार्चांत तिला सांगण्यांत आलें कीं, नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. तुरुंग पत्करीन, असें तिनें कळविलें. आमच्या पुण्यांतील 'केसरी'सारखें वजनदार पत्र त्या वादांत तिच्या विरुद्ध बाजूस होतें. घर आणि कारागृह हीं दोन्ही एकाच तराजूच्या दोन पारड्यांत न्यायालयानेंच घातलीं होतीं. त्यांतून काय उचलावयाचें, हें तिनें ठरविलें. पुढें ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. तिच्या चरित्रावर अनंत महादेवन यांनीं २०१६ सालीं बोलपट केला, याचें स्वागत केलें पाहिजे. कारण येथें कैदेच्या कथेंतला दरवान कोणी माथेफिरू नसून साक्षात् न्यायासन आहे.

आतां आपल्याच गांवच्या एका जुन्या कृतीकडे वळूं. प्रभात फिल्म कंपनीनें १९३७ सालीं 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो रचलेला होता, आणि व्ही. शांताराम त्याचे दिग्दर्शक होते. तो कोणत्याही विशिष्ट खटल्यावर उभारलेला नाहीं. पण ज्या व्यवहारावर उभारलेला आहे, त्याबद्दल खटलाच होत नसे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. १९२९ च्या शारदा कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलीचें लग्न लावणें दंडनीय ठरविलें. मुलगी वयांत आलेली असली आणि नवरा साठीच्या घरांतला असला, तर कायद्याचें त्याविषयीं कांहीं म्हणणें नव्हतें. 'कुंकू'तील नीरेला तिच्या मामानें पैशाच्या लोभानें, फसवून, एका विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधली आहे, आणि ती त्या घरांत राहूनच पत्नी होण्याचें नाकारते.

या बोलपटाचें मोठेपण काकासाहेबांच्या पात्रांत आहे. केशवराव दाते यांनीं रंगविलेले काकासाहेब दुष्ट नाहींत. ते शिकलेले आहेत, प्रतिष्ठित आहेत, आणि हळूहळू शरमूंही लागतात. शांता आपटे यांची नीरा ज्या गोष्टीशीं झुंजते, ती एका म्हाताऱ्याची वासना एवढीच नाहीं. मामाचा लोभ, घरांतल्या वडीलधाऱ्या बाईची जरब, तरण्या सावत्र मुलाची नजर, आणि हें सारें रीतीप्रमाणें झालें असें मानणारा समाज, इतक्यांशीं ती झुंज आहे. शांतारामांनीं पार्श्वसंगीत अजिबात वगळून घरांतले व रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ठेवले, यांतही मोठें औचित्य आहे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक ऐकतांना बंदिवास म्हणजे काय हें प्रेक्षकाला कळतें. बंदिवास म्हणजे न सरणारा वेळ. या कृतीचें वैगुण्य तिच्या शेवटांत आहे. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते जीव देतात, आणि नीरेला मोकळीक देणारें पत्र मागें ठेवतात. म्हणजे दार उघडलें तें ज्याच्या हातीं किल्ली होती त्यानेंच. त्याला पश्चात्ताप झाला नसता तर नीरेचें काय झालें असतें, हा प्रश्न बोलपट विचारीत नाहीं. तो प्रेक्षकानें घरीं जातांना स्वतःशीं विचारावयाचा आहे.

'कुंकू'नंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें आलेली 'कमला' तर प्रत्यक्ष घटनेवरूनच निघाली. १९८१ सालीं अश्विनी सरीन या वार्ताहरानें मध्य हिंदुस्थानांत स्त्रियांची विक्री होते हें सिद्ध करण्यासाठीं स्वतः पैसे मोजून एक स्त्री विकत घेतली, आणि तें वृत्त 'इंडियन एक्स्प्रेस'मध्यें प्रसिद्ध केलें. त्यावरून विजय तेंडुलकरांनीं 'कमला' हें नाटक लिहिलें आणि जगमोहन मूंधडा यांनीं १९८४ सालीं त्याचा हिंदी बोलपट केला. तेंडुलकरांच्या प्रतिभेचा खरा प्रत्यय एका प्रश्नांत येतो. विकत आणलेली कमला वार्ताहराच्या सुशिक्षित पत्नीला, सरितेला, भाबडेपणानें विचारते कीं, धन्यानें तुला केवढ्याला घेतली ? बोलपटांत दीप्ति नवल कमलेच्या व शबाना आझमी सरितेच्या भूमिकेंत आहेत. त्या एका प्रश्नासरशीं दूरच्या बाजारांतला गुन्हा राजधानींतल्या सजविलेल्या दिवाणखान्यांत येऊन बसतो. आम्हांला हवी असलेली कलाकृति ती हीच. बाहेर दाखविलेलें बोट तिनें सहजगत्या आंत वळविलें आहे.

परंतु या कथेला एक उपकथा आहे, आणि ती कोणत्याही बोलपटांत आलेली नाहीं. बोलपट निघाल्यावर वृत्तपत्राच्या मालकांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दावा लावला कीं, ही हकीकत आमच्या लेखांतली, म्हणून हिच्यावर आमचा स्वामित्वहक्क आहे. घडलेल्या घटनेवर व कल्पनेवर असा हक्क कोणाचाही नसतो, तो फक्त मांडणीवर असूं शकतो, या तत्त्वावर न्यायालयानें मनाई नाकारली. तत्त्व योग्यच आहे. तथापि या वादांत वृत्तपत्र पक्षकार होतें, बोलपटाचा निर्माता पक्षकार होता. जी स्त्री विकली गेली होती, ती मात्र पक्षकार नव्हती. तिचें शरीर एकदां विकलें गेलें, आणि मग तिची गोष्ट कोणाच्या मालकीची यावर थोर लोक भांडले. खऱ्या गुन्ह्यांवर बोलपट काढणाऱ्या प्रत्येकानें हा प्रसंग आपल्या लिहिण्याच्या मेजासमोर टांगून ठेवावा.

नाटकांतील कमला शेवटीं आश्रमांत धाडली जाते. त्या आश्रमाच्या आंत काय असतें, तें जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या 'उंबरठा'नें दाखविलें. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून याही बोलपटाचें लेखन तेंडुलकरांनींच केलें, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. घरांतून सुटलेल्या स्त्रियांना ठेवण्यासाठीं जी जागा समाजानें बांधली, तिलाही फाटक आहे, आणि त्या फाटकावरही बाहेरच्या प्रतिष्ठितांची सत्ता चालते. स्मिता पाटील यांची सुलभा तेथें अधीक्षक म्हणून जाते आणि परत येते तेव्हां तिच्या स्वतःच्या घरांतही तिची जागा उरलेली नसते. 'कुंकू'नें न विचारलेला प्रश्न येथें विचारला गेला आहे : दार उघडलें, पण त्यापुढें काय ?

मूंधडा यांनीं याच विषयाला 'प्रोव्होक्ड' या २००६ च्या इंग्रजी बोलपटांत पुन्हां हात घातला. किरणजित् अहलुवालिया या पंजाबी स्त्रीनें विलायतेंत दहा वर्षें नवऱ्याचा छळ सोसून १९८९ सालीं तो झोंपेंत असतां त्याला पेटवून दिलें. तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या स्त्रियांच्या संस्थेनें चळवळ केली, १९९२ सालीं अपील-न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली, आणि पुढें कमी दर्जाच्या मनुष्यवधाचा गुन्हा मान्य होऊन, भोगलेल्या शिक्षेवर ती सुटली. ऐश्वर्या राय यांच्या अभिनयाविषयीं मतभेद होऊं शकेल. पण या कथेंतील सार बोलपटानें गमावलेलें नाहीं. तुरुंगांत या बाईला मैत्रीण मिळते, भाषा मिळते, रात्रीं निर्धास्त झोंप मिळते. रखमाबाईंनीं शंभर वर्षांपूर्वीं जें पारडें उचललें, तेंच पारडें येथें पुन्हां जड ठरतें. "इतका छळ होता, तर ती घर सोडून कां गेली नाहीं ?" हा प्रश्न अशा प्रत्येक खटल्यांत स्त्रीलाच विचारला जातो. तो प्रश्न दिराला, सासूला, शेजाऱ्याला, वैद्याला विचारला गेला, तर खटल्याचें व बोलपटाचें दोहोंचेंही स्वरूप बदलेल.

हा प्रश्न केवळ कलेचा नाहीं. आमच्या देशांत १९८३ सालीं पतीच्या व सासरच्या क्रौर्याबद्दल दंडविधानांत कलम आलें, २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तरीही २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीनें केलेली बळजोरी बलात्कार समजूं नये, हा जुना अपवाद तसाच ठेवलेला आहे. घराच्या कांहीं खोल्यांना कायदा आजही बाहेरून कडी घालतो.

परदेशांतील एका नामांकित कृतीचा विचार येथें उपयोगीं पडेल. कारण आमच्याकडे जी चूक सर्रास होते, तिचें सूक्ष्म रूप तींत दिसतें. ऑस्ट्रियांतील आम्श्टेटन या गांवीं एका बापानें पोटच्या मुलीला चोवीस वर्षें तळघरांत कोंडून ठेवल्याचें एप्रिल २००८ मध्यें उघडकीस आलें. वरच्या मजल्यांवर त्याची बायको व भाडेकरू राहत होते. या वृत्तावरून एमा डॉनह्यू यांना 'रूम' ही कादंबरी सुचली. ती २०१० सालीं निघाली, आणि २०१५ सालीं लेनी एब्राहमसन यांनीं तिचा बोलपट केला. त्या खोलींतच जन्मलेल्या पांच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनीं सगळी कथा सांगितली असल्यामुळें क्रौर्याचें प्रदर्शन टळलें आहे. ब्री लार्सन यांना ऑस्कर मिळालें तेंही यथायोग्य. पण मूळ घटनेंत सर्वांत भयंकर जें होतें, तेंच येथें गळलें आहे. कोंडणारा बाप राहिला नाहीं. तो रस्त्यावर मुलीला पळविणारा परका झाला. माणसांनीं भरलेलें घर राहिलें नाहीं. परसांतली एकाकी झोंपडी झाली. लेखिकेला हें स्वातंत्र्य आहे, आणि उत्तरार्धांत तिनें त्याची अंशतः भरपाईही केली आहे : सुटून घरीं आलेल्या मुलीचा बाप आपल्या नातवाकडे पाहूंच शकत नाहीं, हा प्रसंग कुटुंबसंस्थेवर मोठाच प्रकाश टाकतो. तरी दुसऱ्या भयाची गोष्ट सांगतां सांगतां लेखिकेचा हात नकळत पहिल्या भयाकडे वळला, हें खरेंच.

तिनें जें संयमानें केलें, तें आमच्याकडे ढोबळपणें होतें. कोल्हापूरच्या बालहत्याकांडावरून सुमन मुखोपाध्याय यांनीं २०१९ सालीं 'पोशम पा' केला. एका आईवर व तिच्या दोन मुलींवर तेरा मुलांच्या अपहरणाचा व त्यांपैकीं नऊ जणांच्या खुनाचा आरोप होता. १९९६ सालीं त्या पकडल्या गेल्या, आई पुढच्याच वर्षीं तुरुंगांत मरण पावली, मुलींची फांशी सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं कायम केली, आणि दयेच्या अर्जाच्या निर्णयास झालेल्या विलंबामुळें २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेवर आणली. आईच्या मुठींत वाढलेल्या मुली किती अपराधी व किती बंदिवान, हा प्रश्न शोकांतिकेच्या तोलाचा आहे. बोलपटानें तो उचलला, पण माही गिल यांच्या भेदक मुद्रेवरच सारा भार टाकून तो सोडून दिला. आई राक्षसीण ठरली आणि विषय संपला. वर्षानुवर्षें या बायका गर्दीच्या शहरांतून मुलें घेऊन वावरत होत्या, आणि चोरीस गेलेलीं मुलें गरिबांचीं असल्यामुळें त्यांचा शोध घेण्याची घाई कोणासही नव्हती. तो समाज पडद्यावर जवळजवळ येतच नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, अपराध्याला राक्षस म्हणून न दाखविल्यास त्याचें समर्थन केल्यासारखें होईल. आमचें मत उलट आहे. राक्षस हा पुराणांतही वनांत राहतो; त्याला गल्ली नसते, जात नसते, कचेरी नसते. ज्याला आपण राक्षस म्हटलें, त्याच्याशीं आपला संबंध तुटला, आणि त्याच्या शेजारी राहिल्याचा दोषही त्याबरोबर धुऊन निघाला. काकासाहेबांना राक्षस न केल्यामुळें 'कुंकू'तील अन्याय सौम्य झाला नाहीं. तो प्रेक्षकाच्या अंगाला येऊन भिडला.

मंडईजवळ पूर्वीं आर्यन चित्रपटगृह होतें, मिनर्व्हा होतें. आज त्या ठिकाणीं वाहनतळ असून जुनीं नांवें त्यांना चिकटून राहिलीं आहेत. बोलपट पाहण्यासाठीं त्या काळीं घराचा उंबरा ओलांडावा लागे. 'कुंकू' पाहावयास आलेली स्त्री शेंकडों अनोळखी माणसांत बसून नीरेचें नाहीं म्हणणें ऐके, आणि तेवढ्या वेळापुरती तरी ती आपल्या घराच्या बाहेर असे. आतां बोलपटच घरांत आला आहे. 'पोशम पा' तर थेट घरांतल्या पडद्यासाठींच प्रदर्शित झाला. गृहबंदीची कथा आज ज्या खोलींत पाहिली जाते, त्याच खोलींत एखादे वेळीं कोंडणारा व कोंडलेली शेजारीशेजारीं बसलेलीं असतात. तिला हा बोलपट काय सांगतो, यावर त्याची योग्यता आम्ही ठरवूं. कोंडणारा म्हणजे विकट हास्य करणारा वेडा, तळघर म्हणजे अंधारी गुहा, असें तो सांगत असेल, तर ती आपल्या घराकडे पाहील : येथें गुहा नाहीं, नवरा वेडा नाहीं, तो कचेरींत जातो, चतुर्थीला गणपतीला जातो. मग हें तें नव्हेच, असें ती मनाशीं म्हणेल, आणि उठून स्वयंपाकाला लागेल.